हर्निया नसलेल्या रुग्णाचे डबे थांबवण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
मधुकुंज मराठी कन्या विद्यालय समिती,
फ्रीगंज, उज्जैन (म. प्र.)

विषय : शस्त्रक्रियेनंतर माझ्या घरी डबे पाठवण्याची व्यवस्था रद्द करणे व त्यामागचे कारण गुप्त ठेवणे.
संदर्भ : स्टाफरूममध्ये लागलेली आपली सूचना.

महोदय,

मी आपल्या शाळेत गृहविज्ञान शिकवते. माझ्या रजेच्या अर्जात 'पोटाचे ऑपरेशन' एवढेच लिहिले होते. ते हर्नियाचे असणार असे सर्वांनी प्रेमाने ठरवले, आणि शाळेच्या रिवाजाप्रमाणे रोज एकीने नानाखेड्याला माझ्या घरी डबा पोहोचवावा अशी सूचना आपण लावली. सुलूताई तर सर्वांसमोर म्हणाल्या, "प्रतिभा, तू बस आराम कर गं. शुद्ध घीचा शिरा मी आणते, कमजोरी नाही राहिली पाहिजे." मी मान हलवली.

२. वस्तुस्थिती अशी, की ऑपरेशन वजन कमी करण्याचे आहे. माझे वजन एकशे सोळा किलो आहे. संतुलित आहाराचा तक्ता फळ्यावर काढताना मागच्या बाकांवर फुटलेले हसू मला पाठमोरीही ऐकू येते. फार लाज वाटते.

३. इंदूरचे डॉक्टर जठराचा मोठा भाग काढणार आहेत. त्याने शुगर आटोक्यात येईल, गुडघे वाचतील, झोपेत श्वास अडकणे थांबेल असे ते म्हणतात. मात्र टाक्यांतून गळती होऊ शकते, रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊ शकते, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, आणि तोंड आवरले नाही तर वजन परतही येईल. यजमान म्हणाले, "सोच ले, अजून टाइम आहे." परंतु माझा श्वास चालू आहे ना हे पाहायला आमची मुलगी ऋचा रात्री बारावीचा अभ्यास सोडून उठते, हे कळल्यावर मी होकार दिला.

४. सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, तेही चमच्याने घ्यायचे आहेत. समोर डबा उघडून कोणी "एक घास तर घे" म्हटले की मला नाही म्हणता येत नाही. याच गुणाने मी इथवर आले आहे. माझ्या टाक्यांना शिरा सोसणार नाही आणि मला सुलूताईंचा पडलेला चेहरा सोसणार नाही. तरी डबे रद्द व्हावेत. कारण काहीही लिहावे. कावीळ चालेल. गावाला गेले असे लिहिल्यास मी दाराला बाहेरून कुलूप लावून घेईन. यजमान मागच्या दाराने ये-जा करतील, त्यांना विचारले आहे.

५. काही बरेवाईट झालेच तर शाळेत शोकसभा होईल. तेव्हा कोणीतरी "बारीक दिसायची हौस, अजून काय" असे म्हणेलच, आणि ऋचा तिथे बसलेली असेल. त्या क्षणी माझी गुप्ततेची विनंती रद्द समजावी. आपण कृपया उभे राहून सांगावे, की बाईंना मुलीबरोबर आणखी बरीच वर्षे राहायचे होते.

आपली नम्र व ओशाळलेली,
सौ. प्रतिभा जयंत कोरान्ने
उज्जैन, दि. ९ जानेवारी २०२५

सोबत : डॉक्टरांचे पत्र, बंद पाकिटात. कृपया ऑफिसात उघडू नये.