काकूंची कॅप

सर, काकूंची कॅप माझ्या हातून तुटली. वरच्या पुढच्या दाताची, तुम्ही बसवलेली. तुम्ही गेल्यापासून तुमच्या हातचं त्यांच्या अंगावर एवढंच उरलंय, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि तरी मी ती हातात घेतली.

मंगळवारी त्या इंद्रलोकमधल्या घरून रिक्षाने माझ्या केबिन रोडच्या दवाखान्यात आल्या. तोंडाला पदर, कॅप रुमालात. कॅपच्या आत पिवळट, कडक थर. विचारलं तर म्हणतात, "सुटली होती रे. मग घरीच चिकटवली. दुकानात मिळतो ना, झटक्यात चिकटणारा गोंद, त्याने. बरी टिकली की." सर, दातांच्या डॉक्टरची बायको. मी कपाळाला हात लावला. नवी बनवून देतो म्हणालो, तर सरळ खुर्चीतून उतरायला निघाल्या. "नवी नको. हीच बसव. त्यांच्याकडे शिकलायस ना तू, तुला जमेल."

जमायला आधी कॅप कशाची ते कळायला हवं. सिल्व्हर पार्कच्या तुमच्या दवाखान्यात मी शिकत होतो तेव्हाची एक सकाळ आठवतेय. एका गुजराती बेनच्या कॅपमध्ये मी सरळ सिमेंट भरायला घेतो आणि तुम्ही माझा हात धरता. "डॉक्टरसाहेब, नवरी कोण ते न विचारताच लग्न लावताय?" बेन वासलेल्या तोंडाने हसतात, मला कुठे बघू कळत नाही. मग तुम्ही शांतपणे समजावलंत. सिमेंट एकटं काही करत नाही, धरून ठेवतो तो मधला प्रायमर. काचेच्या जातीची कॅप असेल तर आतून ॲसिडने खरखरीत करायची आणि सिलेन हा तिचा प्रायमर लावायचा. झिर्कोनियाची, म्हणजे दगडासारखी टणक, असेल तर ॲसिडने तिला ढिम्म काही होत नाही. तिच्यावर बारीक वाळूचा मारा करायचा आणि तिचा वेगळा प्रायमर लावायचा. उलटंसुलटं केलं की पेशंट भाकरी खाताना कॅप हातात घेऊन बसतो. माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी आजही हे तुमच्याच शब्दांत सांगतो.

पण काकूंची कॅप कुठल्या जातीची, हे विचारायचं कोणाला? घरच्यांचा केसपेपर आपण काढतच नाही, मी माझ्या बायकोचाही काढलेला नाही. तुमचा लॅबवाला लॅब बंद करून गावी गेला, फोन लागत नाही. इतक्या वर्षांच्या चहाने कॅपचा रंग असा झालेला की नुसतं बघून काही कळेना. एक्स-रेत झिर्कोनिया वेगळा दिसतो, पण तो काढायचंही सुचलं नाही. काकू समोर बसल्या होत्या, डोळे माझ्या हातांवर. शेवटी शेवटी तुम्ही सगळ्यांना झिर्कोनियाच द्यायचात, म्हणून मी तीच धरून चाललो. गोंदही निघेल आणि आतून खरखरीतही होईल, असा विचार करून आतल्या खोलीत जाऊन वाळूचा मारा सुरू केला. बारीकसा आवाज आला. काचेचीच होती, सर, मारा सोसला नाही तिला. सरळ दोन तुकडे.

तुम्हाला फोन करावासा वाटला, खरंच हात खिशाकडे गेला. मग तुकडे ट्रेमध्ये घेऊन काकूंसमोर गेलो. त्यांनी ते तुकडे एकमेकांना जोडून बघितले, परत परत जोडून बघितले. मला रडू यायला लागलं. इतकी वर्षं लोकांचे दात बसवतोय आणि तिथे मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "कर नवी." डोकं अगदी ठिकाणावर आहे काकूंचं, तुम्ही नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी निघताना माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मी गोंद लावला ते ह्यांना सांगू नकोस हं. रागावतील."

नाही सांगत, म्हणालो. शब्द दिला त्यांना. आणि घरी येऊन बघा, तुम्हालाच सगळं सांगून बसलो.