बाच्या हातांची वाव

गिरगाव, माघ वद्य ५, शके १८१६

प्रिय दादूस,

वरळी इथून दोन तासांच्या वाटेवर, आणि मी पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. पत्र तुला मास्तरच वाचून दाखवणार. मध्येच खाकरले तर समज, त्यांच्याबद्दल काही आलं.

मी कचेरीत मान खाली घालून दिवसभर नकला उतरवतो. हात पसरले तर एक भिंतीला आपटतो, दुसरा शेजारच्या शरच्चंद्ररावांच्या पगडीला. माझ्या लहानपणी मास्तर बाला म्हणाले होते, पोराला शाळेत घाला, त्याला वाव मिळेल. बाला वाटलं, शाळेत दोरी वाटतात! आपल्याला वाव एकच ठाऊक, दोन्ही हात पसरून दोरी मोजायची. तेव्हा घरभर हसलो. आता हसू येत नाही. होडीवर परतावं तर लाटेवर पोट ढवळतं, आणि इथं जीव गुदमरतो.

वर्गात मास्तरांनी विचारलं, वाव म्हणजे किती? मी हात पसरून दाखवले आणि छड्या खाल्ल्या. पुस्तकातली वाव सहा फुटांची. ती इतकी पाठ केली की बाचं मोजणं मला अडाणी वाटू लागलं.

होडी खडकावर फुटल्यापासून तू सुकाणू धरत नाहीस म्हणे. वीस वर्षांचा अंदाज चुकला, आपलं शिकणंच खोटं, म्हणून तुझ्या उत्तमला समुद्रावरून काढून सोमवारी माझ्याकडे शाळेला धाडतोस. पोर जेवत नाही, हेही वहिनीनं कळवलं.

दादूस, तुझा अंदाज चुकला नव्हता. दिवाळीत आलो तेव्हा पाणी मोजायच्या दोरीवरच्या, बाच्या वावेच्या जुन्या गाठी सोडून मी फूटपट्टीनं सहा-सहा फुटांवर नव्या मारल्या. वाटलं, दादूसचं काम नीट करून द्यावं. बा उंच, त्याची वाव पुस्तकातल्यापेक्षा वीतभर लांब. दोन गाठी भिजल्या की खडकावरून जायचं, हे तू त्याच्याकडून शिकलास. तू गाठी बोटांनीच मोजतोस, अंतर बघत नाहीस. गाठी दोन भिजल्या, पण पाणी बाच्या दोन वावांएवढं नव्हतं.

तीन महिने हे गिळून बसलोय. तोंडावर सांगायची छाती झाली नाही म्हणून हा कागद. मास्तर, एवढं मोठ्यानं वाचा, ओट्यावरच्यांनाही ऐकू जाऊ द्या. उत्तमला शाळेत घालायचं तर घाल, पण माझ्या चुकीपायी नको. दादूस, तुझे हात बाएवढेच आहेत. माझ्या गाठी सोड, हात पसरून पुन्हा मार, आणि मारताना उत्तमला समोर बसव.

तुझाच, छड्या खाऊनही न शिकलेला,
हरेश्वर