माझ्या नावाचं एक मिनिट

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आणि तिची तुझ्याबद्दलची कुरकुर, दोन्ही चालू आहेत. फोनवर ती कान लावून बसते, म्हणून हे कागदावर.

माझा मॅनेजमेंटचा कोर्स संपत आला. वर्षभर गोदामातून आलो की स्क्रीनसमोर बसायचो, त्या वर्गाचं शेवटचं जेवण तुझ्याच शहरात, एका बड्या हॉटेलात आहे. सगळे पहिल्यांदाच समोरासमोर भेटणार. ओळखी वाढाव्यात म्हणूनच ते जेवण. वर्गात एक बाई आहेत, मोठ्या बांधकाम कंपनीच्या मालकीणबाई. त्यांना कामगारांची सुरक्षा बघणारा माणूस हवाय आणि माझं नाव त्यांच्या मनात आहे. नेमकी आत्ताच गोदामात मालाची मोजदाद. रजा मिळत नाही.

तर तू जा. माझ्या नावाने. शाळेत मास्तर तुला माझ्या नावाने ओरडायचे, इतके आपण सारखे. मिशी काढ, सूट भाड्याने घे, कमी बोल. कुणी घरचं काही विचारलं तर नुसती मान खाली घाल. ही जागा मिळाली तर गोदामातून सुटेन रे.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा

दि. १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विशेष म्हणजे मी मेलोय. तुला माहीत असेलच, तूच मारलंस.

अक्षर लागलं नाही तर लावून घे. नीट सांगतो. मिशी काढली. सूट मिळाला, खांद्यात सैल, पोटात घट्ट. हाताचा रंग रॉकेलने घासला तरी नखांत राहिलाच, म्हणून हात टेबलाखाली. एकेका ताटाभोवती इतके काटे-चमचे, की मला वाटलं शेजारी अजून दोघं बसणार असतील.

तिथली रीत अशी, की एक पदार्थ संपला की घंटी वाजते आणि एकाआड एकाने उठून दोन खुर्च्या पुढे बसायचं. म्हणजे नवा शेजारी, नवी ओळख, नवं कार्ड. सूपला शेजारी एक विमेवाले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तो आज असता तर त्याला किती अभिमान वाटला असता. मला वाटलं, आपल्या बाबांबद्दल बोलतायत. तू सांगितल्याप्रमाणे मान खाली घातली. घंटी वाजली. पुढे बँकेतल्या एक बाई. त्यांनी टेबलाखालून माझा हात ओढून धरला आणि विचारलं, धाकटा किती वर्षांचा होता हो?

दादा, आपल्या घरात धाकटा म्हणजे मीच ना? की माझ्या माघारी अजून एक झालाय?

घास घशात अडकला. त्यांना वाटलं हुंदका. पाणी पाजलं. मग दर घंटीला नवा माणूस, आणि दर माणूस माझ्यापाशी माझंच दुःख करतोय. उंच इमारतीला रंग देताना परांची कोसळली आणि मी गेलो. मुकादमाचा फोन तुला गोदामात आला. तू घरापर्यंत आलास, पण आईला सांगवेना म्हणून दिवस मावळेपर्यंत पायरीवरच बसलास. आई आतून विचारत होती, आत का येत नाहीस, आणि तू म्हणत होतास, बुटाची नाडी सुटत नाही. त्या सगळ्यांना हे पाठ आहे. मला त्या पायरीचं अक्षरही माहीत नव्हतं.

गोड यायच्या आधी तुमच्या कोर्सचे सर उठले आणि म्हणाले, आपल्या मित्राच्या भावासाठी एक मिनिट उभे राहू. सगळे उभे राहिले. मीही. स्वतःसाठीच शांत उभं राहायचं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. नाक खाजत होतं, आणि माणसाचा भाऊ गेलेला असताना त्याने नाक खाजवावं का, तेही सुचेना.

मग मालकीणबाई डोळे पुसत आल्या. तुझी हकिगत ऐकली त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सगळ्या इमारतींना जाळ्या बांधून घेतल्या म्हणे. जागा तुमचीच, म्हणाल्या. फक्त कामगारांना शिकवायच्या खोलीत लावायला माझा फोटो पाहिजे. खाली नाव कोरणार आहेत. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

फोटो पाठवू का ते कळव. हसरा चालेल ना?

मनात माझ्यासाठी थोडी जागा उरली असली तर राहू दे.
तुझा,
कै. भिंगरी

दि. २३ मार्च

चि. भिंगरीस,

यावेळी ‘चि.’ लिहितानाच हात थांबला.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, तुमचं आयुष्य कशाने बदललं. बाकीचे कारखाने आणि परदेश सांगत होते. माझ्याकडे गोदाम. मी त्या दिवसाचं सांगायला लागलो. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. परांची कोसळली होती, मुकादमाने तुझंच नाव घेतलं होतं, मी पायरीवर बसलो होतो. संध्याकाळी तुझा फोन आला, की तू कामावरून सटकून भलतीकडेच भटकत होतास आणि पडले ते दुसरे दोघे, हातपाय मोडले पण वाचले. तिथवर मी पोचायच्या आतच कुणीतरी रडायला लागलं. मालकीणबाईच. मी तिथेच थांबलो. उद्या सांगू म्हटलं. उद्या ते आणखी अवघड झालं. वर्ष गेलं, आता विसरले असतील असं समजून तुला पाठवलं.

फोटो पाठवू नकोस. पण बाईंना सांगायचं धाडस होत नाही. जागा जाईलच, वर्गात तोंडही दाखवता येणार नाही. मला थोडे दिवस दे.

रागाव, पण लिहीत राहा.
दादा

दि. ३१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे थोडे दिवस टपालातच गेले. पत्र मिळालं आणि मी कामाच्या कपड्यांतच मालकीणबाईंच्या ऑफिसात गेलो. दारावरच्याने विचारलं, कोण आलंय म्हणून सांगू? म्हटलं, सांगा, ज्याचा फोटो हवाय तो.

बाई आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग नखांकडे. उठल्या, परत बसल्या. मग विचारलं, मग जेवायला कोण आलं होतं? मी म्हटलं, मीच. असा आवाज चढवला की बाहेरची सगळी कामं थांबली. फसवणूक म्हणाल्या. आहेच ती, मी नाही म्हटलं नाही. तुझं पत्र तेवढं पुढे केलं. ओरडून ओरडून दमल्या आणि हळूच म्हणाल्या, आणि तुमचा तो संध्याकाळचा फोन आला तेव्हा भाऊ काय म्हणाला?

मी सांगितलं. मी फोनवर म्हटलं, दादा, मी बोलतोय, परांची कोसळली, दुसरे दोघे पडले, मी भटकत होतो म्हणून वाचलो. तर तू शिव्या द्यायला लागलास, जन्मात कधी दिल्या नव्हत्यास तशा, आणि अर्ध्यातच फोन आपटलास. मला वाटलं, काम सोडून भटकलो म्हणून. मीही फुगून बसलो, किती दिवस फोन केला नाही. पायरीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं रे. हेही त्यांना सांगून टाकलं.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, जागा देत नाही, आणि देणारच नाही असंही म्हणत नाही. भावाला स्वतः येऊ दे. वर्गाला बोलावते, सगळ्यांसमोर हकिगत फोनपर्यंत सांगू दे, मग बघू. जाळ्या मात्र सोडणार नाही.

तेव्हा ये. रजा नाही दिली तर बिनरजेचा ये. जागा मिळेल न मिळेल, मला ठाऊक नाही. पण गाडीतून उतरलास की आधी त्यांच्याकडे जायचं नाही. आधी माझ्याकडे. मला नीट हात लावून बघ, आणि त्या दिवशीच्या शिव्या पुऱ्या कर. मी मध्ये बोलणार नाही.

वाट बघतोय,
भिंगरी