मंजूर भार

तीर्थस्वरूप अक्का हिस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द सवयीने लिहिला. प्रत्यक्षात कंबर परवानगी देईल तितकाच.) इकडे सर्व खुशाल. तुझा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. नुसतं "ठीक" लिहू नकोस. एवढ्या उत्तराला तू कुठल्याही मुलाला अर्धा मार्क दिला नसतास. मागच्या महिन्यात तू जिन्यात घसरलीस ही बातमी आम्हाला तुझ्या खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कळली, आणि तीही तुझी भावजय त्याच्याकडे सहज चौकशी करत होती म्हणून. (तुझी भावजय सहज म्हणून जी चौकशी करते तिच्यापुढे पोलीस पाणी भरतील.)

पत्रास कारण काहीही नाही. मागच्या पत्रात तू लिहिलंस की इकडे येऊन राहण्याचा विषय बंद, मी तीन जिने चढू शकते आणि मला कुणावर भार व्हायचं नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने विषय बंद केला म्हणजे फळा पुसला गेला, एवढं मला पोरवयापासून कळतं. तेव्हा त्या विषयावर मी अवाक्षर काढणार नाही. हे पत्र निव्वळ सोलरबद्दल आहे. आम्ही छतावर सोलर बसवायचं ठरवलं आहे आणि त्या भानगडीत घरातल्या तिघांचं जे काही झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, एवढंच.

सुरुवात झाली ती एका सुटातल्या गृहस्थापासून. भर उन्हात कोट-टाय घालून आलेला माणूस एकतर फार प्रामाणिक असतो किंवा अजिबात नसतो. हा दुसऱ्या जातीचा निघाला. त्याने छत पाहिलं नाही, बिल मागितलं नाही, फक्त आमच्या सोफ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारख्यांना दहा किलोवॅट." मी लगेच ताठ बसलो. दहा किलोवॅट म्हणजे किती हे मला ठाऊक नव्हतं, पण "तुमच्यासारख्यांना" म्हणजे कुणाला ते बरोब्बर कळलं होतं. तुझ्या भावजयीने आतून विचारलं की एवढी वीज घेऊन आम्ही काय गिरणी टाकायची का? गृहस्थ हसला, कोट सावरला आणि माहितीपत्रक ठेवून गेला. त्यावर एक कुटुंब हिरवळीवर उभं राहून छताकडे बघत हसत होतं. आमचं कुटुंब त्या दिवशी एकमेकांकडे बघत होतं आणि कुणीही हसत नव्हतं.

मग मी ठरवलं की आपण स्वतःच मोजायचं. शेवटी मी कुणाचा भाऊ! लहानपणी मी उत्तर नुसतं "बारा" लिहिलं की तू वही परत फेकायचीस: बारा काय? पेन्सिली, माणसं की मिनिटं? एकक कुठाय? म्हणून मी वहीत आधी "युनिट" असा रकाना आखला, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि घरात जाहीर केलं की आजपासून आठवडाभर मी रोज सकाळी मीटर वाचणार. इथेच घात झाला. मोजणारा दारात उभा आहे म्हटल्यावर माणसं सज्जन होतात. कन्या पंखा बंद करून वहीने वारा घेऊ लागली. भावजयीने वॉशिंग मशीनला सुट्टी दिली. मी स्वतः अंधारात दाढी केली (हनुवटीवरची खूण अजून आहे). आठवड्याअखेर हिशेब निघाला: दिवसाला साडेपाच युनिट. मला तर गहिवरून आलं. इतक्या साध्या राहणीची माणसं आपल्या घरात आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही!

ही वही मी मोठ्या दिमाखात तिसऱ्या पार्टीसमोर ठेवली. (दुसऱ्या पार्टीबद्दल लिहीत नाही. त्याने फोनवर पंचवीस वर्षांची हमी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलला नाही.) तिसरी पार्टी म्हणजे एक बाई. कमरेला मोजपट्टी, हातात कडक पुठ्ठ्याची वही, बोलणं मोजकं. आम्ही त्यांना आपसात मोजणीबाई म्हणतो. त्यांनी माझी वही पाहिली, मग माझी हनुवटी पाहिली आणि म्हणाल्या, "शिंप्यासमोर पोट आत घेऊन उभं राहिलात तर पँट त्याच मापाची होईल. नंतर श्वास सोडायचाय ना?" आणि गेल्या बारा महिन्यांची बिलं मागितली. बिलांवरून निघाले दिवसाला अकरा युनिट. म्हणजे आमची साधी राहणी बरोबर अर्धी खोटी होती. एक किलोवॅटचे पॅनल इथल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे तीन किलोवॅटला बारा. अकराला बारा पुरतात. सहा पॅनल. विषय मिटला, मी चहा मागवला.

तेवढ्यात बाईंनी वहीचं पान उलटलं आणि विचारलं, "पॅनल पंचवीस वर्षं चालतात. या पंचवीस वर्षांत घरात कोण येणार, कोण जाणार?"

अक्का, असा प्रश्न विजेच्या माणसाने विचारावा का? हा प्रश्न ज्योतिषाने विचारायचा, तोही पैसे हातात पडल्यावर. मी मनात आपापल्या वयांत पंचवीस मिळवायला घेतले आणि माझाच अठ्ठ्याहत्तर आकडा आल्यावर बेरीज अर्ध्यात सोडली. कन्या म्हणाली, मी शिक्षण संपलं की जाणार. तिची आई म्हणाली, तू जाशील गं, तुझा केस वाळवायचा पंप इथेच राहील, शनिवार-रविवार येऊन चालवशील. या गडबडीत बाई उठून मोजपट्टी घेऊन आतल्या बाजूला गेल्या आणि मागच्या खोलीच्या दारात थांबल्या. (तीच, बागेकडे खिडकी असलेली, जिच्यात सध्या माझी जुनी मासिकं आणि न चालणारी व्यायामाची सायकल आहे.) "ही खोली कुणाची?"

मी म्हणालो, "रिकामी आहे." त्याच क्षणी कन्या म्हणाली, "आत्याची," आणि तिची आई म्हणाली, "अक्कांची." तिघांचं एकदमच बोलून झालं. बाईंनी तीन उत्तरांपैकी दोन जुळलेली घेतली, बहुमताने, आणि लिहिलं: एक व्यक्ती. मग विचारलं, त्यांचं काय काय चालतं? मी तोंड उघडायच्या आत तुझ्या भावजयीने यादी सांगितली. पंखा, अर्धा युनिट. गिझर, दीड. तो बुटका फ्रिज त्या कुणाला देणार नाहीत, तो एक. दुपारचा एसी नको म्हणतील, म्हणून दोनच तास लिहा, दोन युनिट. एकूण पाच. मी तुझा सख्खा भाऊ, पण तुझा फ्रिज बुटका आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अकरा आणि पाच सोळा. सोळा भागिले चार, चार. (पडताळा घे.) म्हणजे चार किलोवॅट, आठ पॅनल. बाईंनी विचारलं, त्या कधी येणार? कन्या उगाच नळ बंद आहे का ते पाहून आली. बाई म्हणाल्या, "ठीक. मी पेन्सिलने लिहिते."

आता सहा पॅनलना जागा होती, पण वाढीव दोन जिथे बसणार तिथे दुपारी पाण्याच्या टाकीची सावली पडते का ते पाहायचं होतं. हे काम मी घेतलं. एका रविवारी मी खडू घेऊन छतावर बसलो आणि तासातासाला सावलीची कड आखली. चार वाजेपर्यंत छतावर असं चित्र तयार झालं होतं की शेजारच्या काकूंनी पलीकडच्या गच्चीवरून हळूच विचारलं, घरात सगळं बरं आहे ना? सावली पडत होती. नेमकी त्या दोन पॅनलवर, दोन वाजल्यापासून. खाली येऊन मी पडेल चेहऱ्याने जाहीर केलं की निसर्गाचीच इच्छा नाही, सहाच घेऊ. भावजय म्हणाली, टाकी निसर्गाने नाही, तुमच्या मित्राने बसवली आहे. मंगळवारी मी कामावरून आलो तर टाकी छताच्या दुसऱ्या टोकाला होती. प्लंबर पाना पुसत होता आणि माझी खडूची रेघ पायाने पुसली गेली होती.

पण खरी मजा पुढेच आहे. आपल्या वीजबिलावर एक ओळ असते, ती तू कधी वाचली आहेस का? "मंजूर भार: ३ किलोवॅट." म्हणजे या घराने जास्तीत जास्त किती वीज ओढायची याची कंपनीने दिलेली परवानगी. चार किलोवॅटचं सोलर हवं तर मंजूर भारही चार करून घ्यावा लागतो, असं बाई म्हणाल्या. म्हणून मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीपलीकडे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे एक कारकून होते. मी अर्ज दिला. त्यांनी विचारलं, "भार का वाढवायचा?" मी म्हणालो, बहीण येणार आहे. "बहिणीचा भार किती?" मी म्हणालो, अहो, त्यावरच तर आमचा वाद आहे. ती म्हणते फार होईल, आम्ही म्हणतो काहीच नाही. कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "काहीच नाही तर अर्ज कशाला करताय? आकडा सांगा." मी सांगितलं, एक किलोवॅट. "आल्या आहेत की येणार आहेत?" मी म्हणालो, साहेब, तुमच्याकडे आशेचा रकाना नाही का? त्यांनी अर्ज उलटसुलट करून खरंच पाहिलं. नव्हता. मग बराच विचार करून त्यांनी कारणाच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कुटुंबात वाढ," माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, उभे राहिले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. या वयात हिंमत लागते." मागच्या रांगेतून टाळ्याही वाजल्या. मी तो गैरसमज दूर केला नाही. खरं सांगतो, दूर करायचं मनातच आलं नाही.

आठ दिवसांनी कागद आला. त्यावर गोल शिक्का, खाली सही आणि एकच वाक्य: "वाढीव भार मंजूर." त्याची नक्कल सोबत जोडली आहे. तू "भार" हा शब्द ज्या अर्थाने वापरतेस तो अर्थ मला पटत नाही, पण तुला पुरावा लागतो, म्हणून सरळ शिक्क्यानिशी पाठवतो.

शेवटची एक तांत्रिक अडचण. मोजणीबाई म्हणाल्या, तुमचं सगळं जमलं, पण दुपारी बारा ते तीन छत भरभरून वीज देणार आणि त्या वेळी तुमच्याकडे दाराला कुलूप. मी कामावर, भावजय तिच्या दुकानात, कन्या कॉलेजात. सगळी वीज बाहेरच्या तारेत जाणार. ज्याची त्याने आपल्या घरात वापरलेली बरी. म्हणून त्यांनी अहवालात शेरा मारला आहे, तो जसाच्या तसा उतरवतो: "या घरात दिवसाचा भार कमी पडतो." हे मी म्हणत नाही, अक्का. तज्ज्ञ म्हणतात. दिवसा घरात बसून पंखा लावणारं, दुपारी रेडिओ ऐकणारं, फ्रिज चार वेळा उघडून काही न घेता बंद करणारं माणूस आमच्याकडे नाही, ही यंत्रणेतली उणीव आहे. पैसे देऊन ती भरून निघत नाही, मी विचारून पाहिलं.

असो. बंद विषयावर मी एक शब्दही लिहिला नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. बाईंना शनिवारपर्यंत पक्का आकडा द्यायचा आहे: सहा की आठ. गुडघ्याला जप. जिना उतरताना कठड्याच्या बाजूने उतर आणि पिशवी दुसऱ्या हातात घे.

तुझा आज्ञाधारक (हा शब्दही सवयीचाच),
धाकटा

ता. क. वरची गणितं तपासून लाल शाईने पत्र परत पाठवलंस तरी चालेल. एकक सगळीकडे लिहिलं आहे.

ता. क. २. "येते" किंवा "येत नाही" असं काहीही लिहू नकोस, तुला जड जाईल. फक्त एक माहिती हवी आहे, पूर्णपणे तांत्रिक. गिझर उन्हात चालला तर सोलरवर चालतो. तेव्हा तू आंघोळ किती वाजता करतेस एवढंच कळव. नुसती वेळ. दहानंतर जमली तर उत्तम. पोस्टकार्डावर एक आकडा पुरे, आम्ही समजू.

ता. क. ३. (हे अक्षर माझं, अक्का. तुमच्या भावजयीचं.) पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. शनिवारपर्यंत वगैरे काही नाही. आठही पॅनल कालच चढले, हे खाली उभं राहून "सावकाश, सावकाश" ओरडत होते. सायकल भंगारात दिली, मासिकं यांच्या पलंगाखाली सरकवली. यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, आमची घाई नाही. पण आंघोळीचं यांचं ऐकू नका. तुम्हाला पहाटे पाचला लागते, मला माहीत आहे. पाचलाच करा. सूर्य येईल मागून.