शाई न लागलेले बोट

मी, मुरलीधर शांताराम तेंडोलकर, वय ६८, मूळ राहणार कुडाळ, सध्या राहणार रोल्ला, शारजा, धंदा एसी दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नी हेमाचे मत वेगळे आहे, पण ते लेखी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी शर्वाणी हिने करावी. ती अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहते. फोन उचलत नाही, पण काम करते.

२. कुडाळचे घर आणि बँकेतील सर्व ठेवी हेमाला मिळाव्यात, तिच्यानंतर शर्वाणीला. परसातल्या फणसावर माझा भाऊ दर्शन हक्क सांगतो. फणस आमच्या हद्दीत आहे. फांद्या त्याच्या हद्दीत गेल्या आहेत, त्या फांद्यांचे फणस त्याने खावेत. यापलीकडे दर्शनला काही नाही. कारण कलम ५ मध्ये आहे.

३. रोल्लातील दुकानाची सर्व हत्यारे, म्हणजे गॅसचे गेज, व्हॅक्यूम पंप, तांब्याच्या नळ्या कापायचा कटर, दोन्ही शिड्या आणि मीटर, माझा भागीदार नोमान याला द्यावीत. तो सियालकोटचा. एकतीस वर्षे आम्ही एका गाडीतून फिरलो. ही यादी त्याला वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "भाईजान, मीटर तो मेरा ही था." त्याचे बरोबर असावे. तरी द्यावा.

४. स्टीलच्या ट्रंकेत माझा जुना पासपोर्ट आहे. त्यावर सर्व देशांना जाण्याची मुभा आहे, दक्षिण आफ्रिका सोडून. तिथे माणसांना रंगावरून वेगळे ठेवीत, म्हणून आपल्या सरकारने तो देश वगळला होता. ती अट मी १९९४ मध्ये दुबईच्या कॉन्सुलेटमधून काढून घेतली. तिथे पहिल्यांदा सगळ्या रंगांची माणसे मत देणार होती आणि ते नीट होते की नाही हे पाहायला देशोदेशींहून लोक चालले होते. एका निरीक्षक पथकाला जास्तीची माणसे हवी होती. मी बिनपगारी रजा घेतली. हेमाने शेजारी सांगितले, "हे नाताळला चाललेत." शेजारीण म्हणाली, "एप्रिलमध्ये कसला नाताळ?" नाताळ हा तिथला प्रांत. पासपोर्ट शर्वाणीने ठेवावा.

५. परत आल्यावर दर्शनने कुडाळात माझा सत्कार घडवला. मी नको म्हणालो होतो, कारण सांगितले नव्हते. भाषणात तो म्हणाला, "आमचो मुरली आफ्रिकेत लोकशाही आणून इलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. ती वापरलेली नाही. ती दर्शनला परत द्यावी. दोष त्याचा नाही, पण त्या दिवसानंतर मला त्याच्याशी धड बोलता आले नाही.

६. निरीक्षक म्हणून मिळालेले, हॉलच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र नातू रेयांश शाळेत दोनदा घेऊन गेला आहे. "माय ग्रँडफादर हेल्प्ड एंड अपार्टाइड," असे त्याने वर्गात सांगितले. प्रमाणपत्र त्याला द्यावे, पण पुढचे कलम वाचून दाखवल्यावरच.

७. मतदान केंद्र टेकडीवरच्या एका शाळेत होते. माझी नेमणूक फाटकाबाहेर, रांगेशी. निरीक्षकाने पाहायचे, लिहायचे, मध्ये पडायचे नाही, असा नियम. मी एक दिवस उशिरा पोहोचलो होतो. माहितीपुस्तिका बसमध्ये चाळली. शाईचे पान वाचले नाही. मत दिले की डाव्या तर्जनीला शाई लागते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी वडिलांचे बोट मी पाहिले होते.

सकाळी एक म्हातारी बाहेर आली. तिने आनंदाने माझे दोन्ही हात धरले. मी तिचे बोट पाहिले. कोरे होते. मला वाटले, हिला फसवले. मी म्हणालो, "नो इंक. यू गो बॅक. दे हॅव नॉट टेकन युवर व्होट." माझ्या दंडावर निरीक्षकाची पट्टी होती. तिने विश्वास ठेवला. मला थँक्यू म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. चार तास.

तिथली शाई दिसत नसे. हातावर फवारत आणि पुढच्या वेळी जांभळ्या दिव्याखाली हात धरला की ती चमके. तिचा हात चमकला. अधिकारी ओरडला. रांगेतले लोक हसले, कुणी काही म्हणाले. शब्द कळला नाही, सूर कळला. तिला बाहेर काढले. फाटकातून जाताना तिने माझ्याकडे पाहिले. बोट दाखवले नाही.

पथकप्रमुखाने विचारले, काय झाले? मी अधिकाऱ्याकडून तिचे नाव घेऊन फॉर्मवर लिहिले : "श्रीमती ग्लॅडिस दुमा या वृद्ध मतदार महिलेने दुसऱ्यांदा मतदान करण्याचा प्रयत्न केला. कर्मचाऱ्यांनी तो रोखला." खाली सही केली. प्रमुख म्हणाले, छान लक्ष होते तुमचे. त्या फॉर्मची गुलाबी प्रत ट्रंकेत आहे.

तिचे आधीचे मत मोजले गेले असणार. ते तिच्या आयुष्यातले पहिले होते. मी स्वतः आजवर मत दिलेले नाही. विसाव्या वर्षी इकडे आलो, तेव्हा आपल्याकडे वय एकवीस लागे. नंतर निवडणुकीला गावी जाणे जमले नाही. आमच्या इथल्या घरात मत सगळ्यांना आहे, मतदान कुणी केलेले नाही.

~~माझ्या मृत्यूनंतर शर्वाणीने माझ्या वतीने त्या शाळेला आणि निरीक्षकांची कागदपत्रे जिथे जपली आहेत तिथे लिहावे की ती नोंद खोटी आहे, श्रीमती दुमा यांनी काहीही गैर केले नाही, त्यांना निरीक्षकाने परत पाठवले होते, आणि तो निरीक्षक मी.~~

८. खुलासा. कलम ७ चा शेवटचा परिच्छेद मी स्वतः खोडला आहे, वाचता येईल असा.

मसुदा आधी हेमाने वाचला. तिने एवढेच विचारले, "चार तास उभी होती ती? आणि तुम्ही कुठे होतात?" मी म्हणालो, तिथेच. ती आत जाऊन भाजी निवडत बसली.

मग मसुदा वाचून शर्वाणीचा फोन आला. "बाबा, दिस इज नॉट अ फ्लॅट की मला देऊन टाकाल. तुमचं सॉरी मी का म्हणू?"

मी म्हणालो, माझ्याने होत नाही गं.

"व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला होतं ना तुमच्याने? मग हेही होईल. यल्ला, चला, लिहा. पत्ता मी शोधते."

शाळा अजून आहे. तिने फोनवर नकाशात दाखवली. फाटक निळे केले आहे.

पत्र मी इंग्रजीत लिहिले, एक पान. सोबत गुलाबी फॉर्मची छायाप्रत. दुमा कुटुंबातले कुणी असेल तर त्यांना वाचून दाखवावे आणि शाळेच्या फलकावर आठवडाभर लावावे, अशी विनंती केली आहे. दोन्ही पाकिटे, एक शाळेला आणि एक निरीक्षकांची कागदपत्रे जपली आहेत तिथे, आज सकाळी नोमानबरोबर जाऊन पाठवली. गाडीत तो म्हणाला, "एकतीस साल में बताया नहीं, यार." मी म्हणालो, नाही सांगितले. उरलेल्या वाटेत एसी चालू होता.

नोमानला साक्षीदार केलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, आणि मीटर त्याला द्यायचा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचावा अशी कायद्याची सक्ती नाही. सही होताना पाहिली की पुरते. पण नुसते पाहणाऱ्याची सही काय किमतीची असते ते मला माहीत आहे. म्हणून खालच्या दोघांनी हे सर्व माझ्यासमोर मोठ्याने वाचले आहे.

साक्षीदार :
१. सुलक्षणा पेडणेकर, निवृत्त शिक्षिका, ऊद मेथा, दुबई. (सही)
२. वेदांग आजगावकर, शेजारी, रोल्ला, शारजा. (सही)

लिहून ठेवणार : मुरलीधर शांताराम तेंडोलकर. (सही, आणि डाव्या तर्जनीचा निळ्या शाईतला ठसा. अंगठ्याचा चालतो, पण मला हे बोट हवे होते.)

ठिकाण : शारजा
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५
खाडाखोड : एक. ती माझी.