कुणी काय सोडलं

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
पाळकसाहेब म्हणाले, "उपवासकाळात मुलांना नुसतं उपाशी ठेवू नका, अर्थ कळू द्या." कळू द्या म्हणे! संध्याकाळी दोघांना समोर बसवलं. येशूसाठी चाळीस दिवस आपली एक आवडती गोष्ट सोडायची. वेदिकाने गृहपाठ सोडला. ओमने कारलं. मी ओरडले, तेव्हा वेदिकाने कार्टून सोडलं — भोकाड पसरून. ओम पाच वर्षांचा, पण चांगला विचार करून म्हणाला, "मी खोटं बोलणं सोडतो." भरून आलं मला! प्रफुल्लने मटण सोडलं, मी चहा.

२० फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. चहाच का सुचला मला!

२७ फेब्रुवारी
शेजारच्या नवसाबाईंची एकादशी. आमच्या पोरांचाही उपास चाललाय कळल्यावर बाईंनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर रताळ्याच्या गोड चकत्या पाठवल्या. एकादशी नि दुप्पट खाशी! ओम म्हणतो, "मम्मी, उपवासकाळ वर्षभर ठेवू या." अर्थ कळतोय हळूहळू.

५ मार्च
या पोराचं खरं बोलणं मला भोवणार! आज नवसाबाईंना तोंडावर — "मम्मी म्हणाली, तुमची खिचडी म्हणजे डिंक." बाई हसल्या म्हणून बरं. रात्री जेवताना बापाचंही बिंग फोडलं. सातपूरच्या टपरीवर खिमा-पाव! साक्षीदार ओम, वाटेकरीही ओमच. प्रफुल्ल म्हणे, "खिमा म्हणजे मटण नव्हे." यांना कोण अर्थ सांगणार?

१५ मार्च, रविवार
चर्चमध्ये शुभांगी पुढच्याच बाकावर. माझी धाकटी जाऊ, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. मी बघितलंसुद्धा नाही. नाताळात चारचौघींत म्हणाली होती, "ताईंच्या करंज्या तेलात फुटतात हो!" इतकी वर्षं दोघींनी एकत्र फराळ केला, आणि हे? माझा सोऱ्याही तिच्याकडेच अडकलाय. मागणार नाही. महेशभावजींची पुण्याला बदली झालीय, ईस्टर झाला की निघतील. जाईनात का! मला काय फरक पडतो?

२४ मार्च
दिवसभर वर सामान बांधल्याचे आवाज. सासूबाईंनी चांदवडहून कांदे पाठवलेत, भलते तिखट. ओमने विचारलं, "मम्मी, रडतेस?" म्हटलं, "कांदा झोंबतोय रे."

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
दारात शुभांगी! हातात माझा सोऱ्या. "ताई, चुकलंच माझं," म्हणाली नि गळ्यातच पडली. मग मलाही राहवेना. दोघींचा चहा टाकला. कप रिकामा झाल्यावर आठवलं — सोडलाय ना! ईस्टरच्या करंज्या तिच्याकडेच करायचं ठरलं.
जाताना हळूच म्हणाली, "ओमने सांगितलं, तुम्ही माझ्यासाठी रडता." मी? तिच्यासाठी? काहीतरीच! पण आता तिला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणजे ओमचाही उपास मोडला. वेदिकाचं कार्टून तर केव्हाच सुरू झालंय; घरात एक तरी धड टिकला असता.

३० मार्च
शाळेतून आल्यावर ओमला जवळ घेतलं. "खोटं बोलणं सोडलं होतंस ना, राजा?"
"खरंच सांगितलं मी."
"अरे, कांदा झोंबला होता मला."
"मम्मी, तू तेव्हा पोळ्या लाटत होतीस."