फळ्यावरचं पाचवं कलम

११ नोव्हेंबर
सकाळपासून कानात एकच आवाज. सहावीचा वर्ग बाकांवर ताल धरून कविता म्हणतोय. सगळे थांबतात आणि मागून एकटा आवाज येतो, अर्ध्या शब्दानं उशिरा. सुलोचना. तिला ओळ सोडवत नसे. मी रागवायचो, मनातून आवडायचं.
आठवायचं कारण म्हणजे काल ती चौकात दिसली. डोक्यावर कापसाचं बोचकं, ओठ हलवत फळा वाचत होती. "गुरुजी, आजची ओळ लहानच हाय. खडू सरला का?"
रिटायर झाल्यापासून चौकातला फळा माझ्याकडे. दोन बातम्या, कवितेची एक ओळ. सौ. गेली तो दिवस सोडला तर खाडा नाही.
सुलोचनाचा मुलगा विकास फौजेत आहे, सीमेवर. दिवाळीला येणार होता. रजा रद्द झाली.

१३ नोव्हें.
सुरू झालं.
सूनबाई मोबाइल घेऊन न्हाणीपाशी आली. "बाबा, लढाई लागली." तोंड धुवायचं राहिलं, तांब्या हातात तसाच. बाहेर वेचणीच्या बायांचा ऑटो नेहमीसारखा भरून गेला, गाणं लावून. लढाईच्या दिवशीही ऑटो भरून जातो, हेच डोक्यात शिरेना.
दुपारी सरपंच देविदास आला. माझाच विद्यार्थी, शुद्धलेखनात कच्चा. हातात छापलेला कागद, संरक्षण खात्याचं निवेदन. लढाईत का उतरलो, त्याची पाच कलमं.
"लोकं विचारून राह्यले, काहून लागली म्हणून. मले अर्धं समजलं, अर्धं डोक्यावरून गेलं. तुमी सोपं करून फळ्यावर लिवा गुरुजी. तुमचं अक्षर लोकं मानते."
चार वेळा वाचलं. इस्त्री केलेली भाषा, एक सुरकुती नाही. पहिली चार कलमं समजतात. त्यांनी आधी मारलं. समज देऊन पाहिली. आपला मारा मोजका. जमीन नको आहे. मला तरी पटली. पाचवं:
"संभाव्य जीवितहानी सोसण्याजोग्या मर्यादेत राहील, हे गृहीत धरून निर्णय घेण्यात आला आहे."
कोण सोसणार? कागद घडी करून उशीखाली ठेवला. कशाला ठेवला, माहीत नाही.

१४ नोव्हें.
फळा लिहिला. चार कलमं झरझर झाली. पाचव्याला हात उचलेना. पाठीमागे माणसं उभी. मग सुचलं, आपोआप, जसं पूर्वी वर्गात सुचायचं:
काही फुले गळतील, झाड मात्र उभे राहील.
पिवळ्या खडूनं लिहिलं. टाळ्या पडल्या. देविदासनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. "काय लिवलं गुरुजी, बाप्पा! काटा आला अंगावर."
खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. घरी येऊन दुसरा चहा मागितला.

१५ नोव्हें.
संध्याकाळी वेचणीवरून बाया आल्या. फळ्याशी थांबून मोठ्यानं वाचू लागल्या. सुलोचना मागे, मोबाइल पदराच्या गाठीत. तीन दिवस विकासचा फोन नाही. बाया थांबल्या. मग तिचा आवाज, एकटा, "…उभे राहील."
माझ्याकडे वळली. "गुरुजी, हे फुलं म्हंजे कोण?"
कवितेत असं म्हणतात, प्रतिमा असते, असलं काहीतरी बोललो.
"कागदात फुलंच लिवलं होतं?"
"नाही. जीवितहानी."
"म्हंजे पोट्टे."
मी मान डोलावली.
"पोट्टे मरतीन हे आधीच धरून घेतलं त्याईनं?"
"हो."
"किती?"
"आकडा नाही दिलेला."
"माहा विकास त्यात धरला का?"
शेजारची बाई तिला ओढू लागली, चल वं, अंधार पडते. ती हलेना. आवाज चढला नाही तिचा, तेच वाईट.
"वाचाले तुमीच शिकवलं मले. काल तुमचं वाचलं अन् आज दिवसभर निवांत कापूस वेचला म्या. वाटलं, गुरुजीनं फुलाचं लिवलं, म्हंजे एवढं भेवासारखं नसन."
खात्यानं निदान जीवितहानी तरी लिहिलं होतं. मी तेही झाकलं. एवढी वर्षं पोरांना ओळीतला गोडवा शिकवला, आणि तो कशाला वापरला मी

१६ नोव्हें.
चहाच्या आधीच ओलं फडकं घेऊन गेलो. पाचवं पुसलं. पांढऱ्या खडूनं लिहिलं:
आपले काही जवान मरतील. किती, ते सांगितलेले नाही. हे धरूनच लढायचे ठरले आहे.
कवितेची ओळ नाही लिहिली.
देविदास धावत आला. "हे काय गुरुजी? आधीचं कसं झकास होतं! लोकायचा जोश उतरन ना."
"तूच म्हणालास, सोपं करा."
"इतकं सोपं कोणं सांगतलं होतं!"
पानठेल्यावरून कोणीतरी, "मास्तरले म्हातारचळ लागला." हसले सगळे. लढाई चूक, असं मी कुठं म्हटलं? चार कलमं तशीच ठेवली आहेत.
सुलोचना आली. बोचकं खाली ठेवलं, वाचलं. पुन्हा वाचलं. बोचकं उचलून गेली. फोन अजून नाही.

१७ नोव्हें.
फळा कोणीतरी पूर्ण पुसला. चारही कलमं गेली. खडूचा डबाही नाही. आज काही लिहिलं नाही. दुसरा खाडा.
अकरा वाजले असतील. दाराशी जीप. आपल्याकडे कोण येणार जीपनं? पन्नाशीचा माणूस, कधी न पाहिलेला, टोपी हातात. तहसीलमधून आलोय म्हणाला. बगलेत पाकीट, बंद. सुलोचनाबाईंचं घर विचारलं. वेचणीला गेलीय म्हणून सांगितलं.
"चौकात म्हणाले, आधी गुरुजींना घ्या. बाई तुमचंच ऐकतात."
काय आहे पाकिटात, विचारलं. त्यानं पाणी मागितलं. गडवा रिकामा केला, तरी हातातच धरून बसला.
मग म्हणाला, "माझ्यानं नाही होणार. तुम्ही सोपं करून सांगता म्हणे."
चप्पल शोधतो म्हणून आत आलो आणि वही उघडली. चप्पल पायातच आहे.